सात गाठींची ताडपत्री

४ जून

वहिनी,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि दादाजवळ निरोप दिला की तो स्वतःच्या सोयीचा तेवढाच पोचवतो. मागे मी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं, तर तुला कळलं काय, की मी मजेत आहे. तेव्हा म्हटलं, आता लिहायचंच.

आमचं शेत सात मजली झालंय. मी लागले तेव्हा एकच मजला होता. ही इमारत पूर्वी गाड्या ठेवायची होती. फरशीवर अजून पांढऱ्या रेघा आणि गाड्यांचे आकडे दिसतात. आता तिथे छतापर्यंत मांडण्या, मांडणीवर ट्रे, ट्रेमध्ये पाणी आणि प्रत्येक ट्रेवर गुलाबी दिवा. माती औषधाला नाही. पेरल्यापासून बावीस दिवसांत कापणी, की लगेच दुसरी पेरणी. स्टेशनापलीकडे दुसरं शेत सुरू होतंय, तिसऱ्याची जागा बघून झाली. माणसं एवढी झालीत की जमिनीवर त्यांनाच उभं राहायला जागा नाही, मग पाल्यानं कुठे जायचं? तोही जिना चढला.

आत जाताना चपला बाहेर, मोबाईल कपाटात, डोक्यावर टोपी. आणि आम्हाला दिलेल्या कोटांचे खिसे चक्क शिवून टाकलेत. पहिल्या दिवशी मी सवयीनं हात घालायला गेले, तर सगळ्या बायका खो-खो हसल्या.

आता कामाचं. आमच्या मोठ्या साहेबांना आम्ही थर्मामीटर म्हणतो, कारण दर तासाला येऊन ते भिंतीवरचा आकडा बघून जातात. ते म्हणाले, सगळीकडे तेच पाच-सहा पाले पिकतात, आपल्याला कुणाकडे नाही असं काही हवं. मी बोलून गेले, आमच्या आईची अंबाडी आहे, लाल देठाची, आंबट, पण चार वेळा खुडली तरी जून न होणारी. त्यांनी उभ्या उभ्या लिहून घेतलं. ती इथे लागली, तर रोपांच्या खोलीची मुख्य मी. ट्रे उचलायचं सुटेल आणि माझे गुडघे तुला दुवा देतील.

तर आईच्या डब्यातलं एक मूठ बी पाठव. मूठ माझी धर. तुझी लहान आहे, हे मला ठाऊक आहे.

तुझी नणंद

*

१९ जून

वन्सं,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, एकदा चष्मा लावून आणि एकदा डोकं लावून.

सासूबाई गेल्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर तुम्हाला ना परसाची आठवण झाली, ना अंबाडीची. तेव्हा तुम्ही त्यांच्या दोन साड्या आणि घड्याळ घेऊन गेलात, आणि बियांच्या डब्याकडे बघून म्हणालात, "हे घेऊन मी काय करू, माझ्या खोलीला खिडकीसुद्धा धड नाही." आता एकदम साहेबांच्या वहीत अंबाडी?

खिसे शिवलेत म्हणता. ज्यांना आपल्याच बायकांच्या खिशांची भीती, ते दुसऱ्याच्या डब्यात हात घालायला लाजणार आहेत होय? आज मूठ नेतील, उद्या तिच्यावर आपलं नाव छापतील, आणि परवा मी माझ्याच परसात अंबाडी लावली तर विचारतील, बाई, कुणाला विचारून लावलीस?

आणखी एक. ९ तारखेला एक माणूस कुंपणापाशी येऊन उभा राहिला. पायात पांढरे बूट. मोबाईल वर धरून तीन फोटो काढले. मी बाहेर गेले तर हातानं 'असू दे, असू दे' असं करून निघून गेला. पांढरे बूट घालून चिखलात कोण येतं? तुमच्या पत्रावर तारीख चार आणि हा आला नऊला. मी काही म्हणत नाही. मला फक्त आकडे मोजता येतात.

इथेही भाजीवाल्याकडे तुमच्यासारख्या शेतातली पाकिटं आलीत. चार पानं, वर प्लास्टिक, प्लास्टिकवर तारीख. तुमच्या दादानं एक आणलं. कसं आहे विचारलं तर म्हणाला, स्वच्छ आहे. चव कशी आहे विचारलं, तरी म्हणाला, स्वच्छ आहे.

सासूबाई असत्या तर त्यांनी बी दिलं असतं का, हे तुम्हीच सांगा. त्यांनी घरातल्या माणसावरही कधी विश्वास टाकला नाही. पाऊस सरला की रोज संध्याकाळी बियांसाठी राखलेल्या झाडांवर ती काळी ताडपत्री पडायची, जमिनीपर्यंत, आणि भोवतीच्या लाकडी मेढींवरच्या सात खिळ्यांना सात गाठी. कुणासाठी होत्या त्या गाठी? परसात येणारी-जाणारी मी एकटीच होते.

गुडघ्यांना तेल लावत जा.

वहिनी

*

२ जुलै

वहिनी,

एकदम 'वन्सं'? आणि 'तुम्ही'? एरवी 'अगं ए' म्हणून हाक मारणारी तू. म्हणजे चांगलीच फणफणली आहेस.

पांढऱ्या बुटांचा माणूस मी पाठवला नाही. मी इथे ट्रे उचलते गं, माणसं पाठवणारी मी कोण? आमच्याकडे पांढरे बूट फक्त थर्मामीटर घालतो, आणि तो उन्हात गेला तर त्यालाच ताप येईल. घड्याळ बंद पडलेलं होतं. साड्या तू स्वतः माझ्या पिशवीत कोंबल्यास. तीन वर्षांनी हिशेब काढायचाच असेल तर नीट तरी काढ.

खिसे चोरीसाठी शिवले नाहीत, रोग आत येऊ नये म्हणून शिवलेत, असं आम्हाला सांगितलंय. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे असंही नाही. बाहेरचं बी आणायचं तर सहा पानांचा फॉर्म असतो. तो मी सही करून दिला. सगळेच देतात.

आईच्या गाठींचं मध्येच काय काढलंस? तिला दूधवाल्याचा संशय, पोस्टमनचा संशय, ढगाचासुद्धा संशय. तू कशाला मनाला लावून घेतेस?

एकच सांगते. आमच्या मांडणीचा सगळ्यात खालचा ट्रे जमिनीपासून वीतभर वर असतो. दिवसातून दोनशे वेळा मी तिथे वाकते. एक्केचाळिसाव्या वर्षी जिना चढताना कठडा धरते. तुझ्या डब्यातल्या एका मुठीनं माझं हे वाकणं थांबणार आहे. विचार कर.

नणंद

*

२१ जुलै

प्रिय वन्सं,

तुमचं बरोबर आहे. घरातल्या घरात एवढं ताणणं शोभत नाही. सोबत पुडी पाठवते आहे. एक मूठ मागितलीत, दोन घातल्या आहेत. बी चांगलं कोरडं आहे, कीड लागणार नाही याची मी स्वतः काळजी घेतली आहे. तुमच्या सहा पानांच्या फॉर्मबद्दल काही विचारत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, वाचूनच सही केली असेल.

घरात उरलेलं सगळं बी मी परसात पेरून टाकलं आणि डबा धुऊन उन्हात पालथा घातला. आता कुणी शोधत आलंच, तर त्याला रिकामा डबा सापडेल.

तुमचे गुडघे लवकर बरे होवोत.

वहिनी

ता. क. तो पांढऱ्या बुटांचा माणूस काल परत आला होता. या वेळी शिडी घेऊन. मी दार लावून आत बसले.

*

२८ ऑगस्ट

वहिनी,

दहा ट्रे, चारशे दाणे, आणि कोंब एक नाही.

पहिल्या आठवड्यात मी पाण्याला दोष दिला. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या मांडणीवरच्या बाईला. तिलाही मुख्य व्हायचं होतं, तिनंच काही कालवलं असेल, असं मी दोघींजवळ बोलूनही बसले. मग आमच्या रोपांच्या डॉक्टरीणबाईंनी एक दाणा पात्यानं उभा चिरला. आत पांढरं असायला हवं. तपकिरी निघालं. त्यांनी नाकाशी धरलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हे कुणी तव्यावर टाकलं होतं का?"

मी काय सांगणार? म्हटलं, आमच्याकडे ऊन फार असतं.

दोन मुठी पाठवल्यास तेव्हाच मला कळायला हवं होतं. तू कधी मागितल्यापेक्षा जास्त दिलंयस? साहेबांनी अंबाडीचा प्रयोग बंद केला. रोपांच्या खोलीची मुख्य आता ती शेजारची बाई आहे. जिच्यावर मी आळ घेतला, तिच्या हाताखाली मी खालचा ट्रे उचलते.

आणि ऐक, तुझ्या डब्यावाचून माझं काही अडलं नाही. आई गेली त्या आठवड्यात मी त्यातून चिमूटभर बी घेतलं होतं, रुमालाच्या टोकाला बांधून. तीन वर्षं कपाटात होतं. तुझं उगवेना, तेव्हा ते काढून माझ्या खोलीत जुन्या बादलीत लावलं. बावीस दाण्यांतले दोन उगवले. हे मी साहेबांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ती दोन झाडं माझी आहेत. तुझ्या परवानगीची मला गरज नाही.

नणंद

*

१२ ऑक्टोबर

वन्सं,

दीड महिना पेन हातात घेतलं नाही. घेतलं असतं तर कागद फाटला असता.

"माझ्या खोलीला खिडकीसुद्धा धड नाही" म्हणत होतात, तेव्हा रुमालाला गाठ बसलेली होती! आणि मी त्या दिवशी तुमच्यासाठी डबा उघडून धरला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तुमच्या मनात तर तीन वर्षं पौर्णिमाच असणार.

हो, भाजलं मी. मंद आचेवर, तडतडेपर्यंत. तुमचा अपमान व्हावा म्हणून नव्हे. घरातलं बी त्या इमारतीत जाऊन त्यांचं होऊ नये म्हणून. तुमच्या गुडघ्यांचं वाचून वाईट वाटलं होतं, आताही वाटतं.

पण आता लपवून चालणार नाही. सासूबाई गेल्यापासून आपल्या अंबाडीला एक बोंड धरलेलं नाही. दर वर्षी त्याच कुंपणाजवळच्या वाफ्यात थोडी पेरायची, डोक्याएवढी वाढायची, पाला भरपूर, आणि फूल नाही. डब्यात होतं ते सगळं त्यांच्या शेवटच्या वर्षाचं बी. ते कमी कमी होत गेलं, आणि यंदा मी घाबरून शेवटचं होतं तेवढं पेरलं. आत्ता कळ्या दिसायला हव्यात. एक नाही. ही झाडं वाळली की संपलं. तो शिडीवाला काही फवारून गेला का? मी आधी तुमच्यावर संशय घेतला, मग त्याच्यावर, आता मेलेल्या माणसावर येतोय. वाटतं, मी राखणं त्यांनाच मान्य नाही.

आणि का वाटतं, तेही लिहून टाकते. मी लग्न होऊन आले, त्याच वर्षी त्यांनी ताडपत्री टाकायला सुरुवात केली. शेजारणीनं मला मुद्दाम सांगितलं, "तुझ्याआधी असं झाकत नव्हत्या हो." मी माहेरी बी धाडीन अशी भीती त्यांना. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "तुला काय करायचंय?" गाठी स्वतः बांधायच्या, स्वतः सोडायच्या. मी हात पुढे केला की बाजूला करायच्या. चोवीस वर्षं, वन्सं. रोज संध्याकाळी माझ्या डोळ्यांदेखत, न बोलता मला चोर म्हणायच्या. त्या गेल्या तशी मी ताडपत्री माळ्यावर भिरकावली. झाडांना म्हटलं, आता वाढा उघड्यावर, या घरात कुणी चोर नाही.

चोरी निघाली ती तुमच्या रुमालात. पण त्या दोन झाडांना जपा. माझा राग माझ्यापाशी राहील. त्यांना फूल आलं तर तेवढं कळवा.

वहिनी

*

३० ऑक्टोबर

वहिनी,

आधी उठ. माळ्यावरची ताडपत्री काढ, आज संध्याकाळी ऊन उतरताच झाडांवर टाक, उद्या सकाळी काढ. रोज असंच करायचं. एवढं करून ये, मग पुढचं वाच.

माझी दोन झाडं छातीइतकी झालीत आणि त्यांनाही कळी नाही. माझी खोली शेताच्या समोरच्या बाजूला आहे. रात्रभर तो गुलाबी उजेड खिडकीतून येतो. मी मध्ये चादर टांगून झोपते, आणि बादली चादरीच्या पलीकडे, खिडकीत. तुझं पत्र आलं तशी मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, कुणाची झाडं ते न सांगता. त्यांनी एकच प्रश्न केला, "त्यांना रात्र मिळते का?"

वहिनी, अंबाडी रात्र मोजते. सलग काळोखी, मोठी रात्र मिळाली तरच ती फुलावर येते. मध्ये उजेड पडत राहिला तर तिला वाटतं, अजून वेळ आहे, आणि ती नुसता पाला काढत राहते. आमच्याकडे अठरा-अठरा तास दिवे लावतात ते त्यासाठीही. तीन वर्षं मी इथे काम करते आणि एकदाही फूल पाहिलं नाही, पण 'का' हे कधी विचारलं नाही. बाई सांगत होत्या आणि मला आईची ताडपत्री दिसत होती.

आपल्या कुंपणाजवळचा दिव्याचा खांब कधी लागला, आठव. तुमच्या लग्नाच्या वर्षी. मला पक्कं आठवतं, कारण पाहुण्यांनी घर भरलं होतं आणि मी त्या नव्याकोऱ्या दिव्याखाली बसून परीक्षेचा अभ्यास केला होता. दादा चिडवत होता की हिच्यासाठी खास खांब रोवलाय. त्या हंगामात खांबाजवळची झाडं नुसतीच वाढली असतील आणि मागच्या कोपऱ्यातली कळ्यांनी भरली असतील. आईला कुणी शिकवलं नसणार. ती बोलायची नाही, पण बघायची. ताडपत्री त्या दिव्यासाठी होती. तू त्याच वर्षी घरात आलीस, एवढाच तुझा गुन्हा.

विश्वास बसत नसेल तर हे ऐक. तुझी आई आजारी होती तेव्हा तू दोन महिने माहेरी होतीस. तेव्हाही ताडपत्री रोज पडत होती. एकदा मी हौसेनं गाठ बांधली, ती सैल राहिली, वाऱ्यानं कोपरा उडाला, आणि मला आईची चापट बसली. फट राहिली की उजेड आत जातो, म्हणून ती कुणालाच हात लावू देत नसे. चोर माहेरी गेलेला असताना रोज कुलूप कोण लावतं?

आणि तो शिडीवाला. बाहेर जाऊन खांबावर बघ. दिवा जुना पिवळाच आहे, की नवा पांढरा?

आता माझ्या पदरचं. प्रयोग बंद झाल्यावर मी फॉर्मची प्रत मागून वाचली. चौथ्या पानावर लिहिलंय, या इमारतीत बाहेरचं जे बी उगवेल, त्यावरचा हक्क इमारतीचा. खाली माझी सही. तुझं बी उगवलं असतं तर आईची अंबाडी माझ्या हातानं त्यांची झाली असती. न वाचता सही केली, कारण मला ती खोली हवी होती. तू भाजलंस ते बरं केलंस. हे लिहिताना दात-ओठ खातेय, पण लिहिते.

तुझी नणंद

*

१६ नोव्हेंबर

अगं ए,

दिवा पांढरा आहे. रात्री परसात सुई पडली तर सापडेल. एवढी मी चष्मेवाली, पण इतके महिने मान वर करून पाहिलं नाही. माझं सगळं लक्ष त्याच्या बुटांवर. त्या माणसाची मी मनातल्या मनात माफी मागितली आहे. बुटांची नाही.

ताडपत्रीचा एक कोपरा उंदरांनी खाल्ला होता, तिथे जाड गोणपाट शिवलं. पहिल्या संध्याकाळी गाठी बांधायला गेले तर बोटं चालेनात. तुझं पत्र आतून खरं वाटत होतं आणि वरून वाटत नव्हतं. चोवीस वर्षांचा राग असा एका पाकिटात मावत नाही गं. त्याची सवय झालेली असते. तरी बांधल्या, सातही.

एक मात्र खटकलं. मला वाटलं होतं, वाकावं लागेल. सासूबाई माझ्यापेक्षा वीतभर बुटक्या होत्या. पण सातही खिळे नेमके माझ्या खांद्याला आले. शेवटी शेवटी त्या स्टूल घेऊन बांधायच्या, पण खिळेच एवढे वर कशाला? यात काहीतरी आहे. तुझा दादा परगावी गेलाय, आला की त्याला धरते.

कळी अजून नाही. तू बादलीवर काय घालतेस?

वहिनी

*

२३ डिसेंबर

वहिनी,

बादलीवर शेतातलंच मोठं खोकं घालते, संध्याकाळी कामावरून आले की घालायचं, सकाळी निघताना काढायचं. वर लिहिलंय, 'ताजा पाला, प्रकाशात वाढलेला'. वाचलं की हसू येतं.

आज सकाळी खोकं उचललं आणि आत फूल. फिकट पिवळं, मधोमध गडद लाल. कामाला उशीर झाला तरी बघत उभी राहिले. शेजारच्या मांडणीवरच्या बाईची माफी मागून झाली. ती म्हणाली, माझाही तुझ्यावर तसाच संशय होता. खालचा ट्रे अजून माझ्याकडेच आहे.

तुझ्याकडे काय? दोन ओळी तरी टाक, जीव टांगणीला लागलाय.

नणंद

*

४ फेब्रुवारी

अगं ए,

बोंडं धरली, पिकली, वाळली. काल चादर पसरून सगळी फोडली आणि डबा पुन्हा भरला. गळ्यापर्यंत नाही, पण तळ झाकून चार बोटं वर. दोन ओळी टाकल्या नाहीत, कारण हातात बी येईपर्यंत माझा कशावरच विश्वास बसत नाही. तो दोष काही एका पत्रानं जायचा नाही.

सोबत पुडी आहे. तू म्हणशील, ही पुन्हा भाजून पाठवतेय. तेव्हा एक दाणा चिरून बघ, आत पांढरं दिसेल. तुझ्या दोन झाडांचंही थोडं मला पाठव. एका घरातलं बुडालं तर दुसऱ्या घरातलं राहील. रुमालात बांधून पाठवलंस तरी चालेल. सुट्टी काढून चार दिवस ये, गुडघे शेकून देते.

तुझ्या दादाला खिळ्यांचं विचारलं. आधी 'मला काय माहीत' म्हणाला, ते त्याचं नेहमीचंच. मग जेवता जेवता आठवलं. आई जायच्या आधीच्या वर्षी तिनं त्याला हातोडी घेऊन परसात बोलावलं होतं. जुने खिळे खाली होते, तिच्या बेताचे. ते सगळे काढून वर मारायला लावले. तो म्हणाला, अगं, तुझा हात पोचणार नाही तिथे. तर म्हणाली, "माझा कशाला? हिच्या खांद्याला येतील असे मार."

ते पूर्ण वर्ष ती स्टुलावर चढून गाठी बांधत होती. मी ते स्टूल रोज बघत होते. मला वाटायचं, मी सोडू नयेत म्हणून मुद्दाम उंच बांधते.

तुझी वहिनी